तीन लाखांत जुनी गाडी: दोन गायी, चौदा शेळ्या आणि घरची पाच माणसं

माळावरचा (पारनेर)

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे, सल्ला हवा आहे. आधी कारण सांगतो.

मागच्या आठवड्यात माझी एक उस्मानाबादी शेळी गेली. रात्री मक्याच्या भरड्याचं पोतं उघडं राहिलं, तिनं पोटभर खाल्लं. साडेदहाला बघतो तर डावी कूस ढोलासारखी ताणलेली. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. दवाखाना अकरा किलोमीटर. घरी फक्त मोटरसायकल. चुलतभाऊ मागं बसला, शेळी आमच्या दोघांच्या मध्ये आडवी, मान एका बाजूला लोंबकळती. ओढ्याच्या पुलावर आलो तेव्हा भाऊ म्हणाला, दादा थांब, हिचा श्वास लागत नाही. दुसऱ्या वेताची होती, पोटात दोन करडं होती. तेव्हापासून झोप नीट नाही.

आता कामं. दोन एचएफ (होल्स्टीन) गायी, दोन्ही वेळचं मिळून २६-२८ लिटर दूध, संकलन केंद्र चार किलोमीटर. महिन्याला पेंडीची आणि भरड्याची आठ-दहा पोती सुप्याहून. वर्षातून तीन-चार वेळा बोकड काष्टीच्या बाजाराला. आईचे गुडघे गेलेत, तिला महिन्यातून एकदा नगरला न्यावं लागतं. दोन मुलं शाळेची. रस्ता दोन किलोमीटर कच्चा, बाकी डांबरी.

बजेट नाव-ट्रान्सफर आणि विम्यासह तीन लाख. आतापर्यंत बघितलेल्या गाड्या: २०१२ ची बोलेरो पिकअप ३ लाख १० हजार, २०१५ चा छोटा हत्ती (टाटा एस) १ लाख ९०, २०१६ ची पाच सीटर ईको (मारुतीची व्हॅन) २ लाख ७५, २०१३ ची ओम्नी १ लाख ४०. माझं मन पिकअपवर आहे.

शेळीताई (माण)

दादा, शेळी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पोटातल्या करडांसकट जनावर जातं तेव्हा घर सुन्न होतं.

मी पिकअपच म्हणेन. माझ्याकडे लहानमोठी साठ शेळी आहे, सहा वर्षं जुनी पिकअप चालवते, स्वतः चालवते. लोणंदच्या बाजाराला बोकड न्यायचे तर दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायची नाही, भाव पडला तर परत घेऊन यायचं, कुणाचं भाडं डोक्यावर नाही. परत आणता येतं म्हणून दलाल दाबून भाव मागत नाही, हा फायदा कुठल्या हिशेबात दिसत नाही.

एक गोष्ट गाडी कुठलीही घेतलीत तरी करा. गोठ्याच्या तोंडाशी हौद्याच्या उंचीचा मुरमाचा ओटा घाला. गाडी मागं घेऊन फाळका (हौद्याचं मागचं दार) ओट्यावर टेकवायचा, शेळ्या चालत आत जातात. माझी एक पाट (तरणी शेळी) पहिल्याच वर्षी फाळका आणि ओटा यांच्या फटीत पाय अडकून पडली, नळी मोडली. तेव्हापासून फटीवर बाभळीची फळी टाकते, फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्यात. उतरवताना तर फळी हवीच. चढताना जनावर जपून चढतं, उतरताना मात्र उडी टाकतं.

पाटेवाला (बारामती)

बावीस वर्षं गॅरेज आहे, निम्मी गिऱ्हाईकं दूधवाली आणि बाजारवाली. जनावरं वाहिलेली जुनी गाडी कशी बघायची ते सविस्तर लिहितो, कारण गाडीबाजारात लोक बॉनेट उघडतात आणि खाली वाकतच नाहीत.

जनावरांच्या गाडीचा जीव इंजिनात नसतो, हौद्याच्या खाली असतो. मूत पत्र्याच्या सांध्यात झिरपतं, त्यावर शेण बसतं, ते वाळत नाही आणि पत्रा आतून कुजत जातो. वरून नवा रंग मारलेला असतो. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोपा. हौद्याच्या आडव्या पट्ट्या, चेसीवर हौदा बसतो त्या बोल्टांची जागा आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर टोचून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भसकन आत गेला किंवा पापुद्रे निघाले तर दहा हजारांनी भाव पाडून घेऊ नका, सरळ उठून या. चेसीवर कुठं ताजं वेल्डिंग किंवा फक्त एकाच जागी डांबरासारखा काळा थर दिसला तर तो खरवडायला सांगा. मालक नको म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मग पाटे. दोन्ही बाजूंचे मोजा. जादा पाटा घातलेला असेल तर ती गाडी वाळू, विटा नाहीतर ऊस वाहून आलीय. अशा गाडीचा क्राउन (मागची चाकं फिरवणारा गिअर) आणि चाकांची बेअरिंगं आधीच थकलेली असतात. रिकामी गाडी सपाटीवर उभी करून मागून बघा, एक कोपरा खाली बसलाय का.

इंजिन थंड असतानाच जा. आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर परत जा. चालू करून ऑइलचं झाकण काढा, भसाभसा धूर फेकत असेल तर रिंगा गेल्यात. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग आहे का बघा. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ओढून बघा, इंजिन पळतंय आणि गाडी जागेवर असेल तर क्लच प्लेट संपली.

तुमच्या चार गाड्यांबद्दल. छोटा हत्ती २००५ पासूनचा, त्याचं इंजिन ७०२ सीसी, दोन सिलिंडर, सोळा अश्वशक्ती. सुट्टे भाग तालुक्याला मिळतात, कुठलाही मेकॅनिक उघडतो. पण माणसं बसणार दोन. पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन दमदार, फक्त रोज चार किलोमीटरवर अठ्ठावीस लिटर दूध न्यायला तेवढं डिझेल जाळायचं का, हे तुम्ही ठरवा. ओम्नी २०१९ ला बंद झाली, ७९६ सीसी, हलकी, दुरुस्ती स्वस्त. तिचं नाक म्हणजे तुमचे गुडघे, समोर काही नाही. घरच्या माणसांना घेऊन पुणे-नगर रस्त्यावर मी ती नेणार नाही.

माळावरचा (पारनेर)

पाटेवाले काका, आज पिकअप परत बघून आलो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मागच्या आडव्या पट्टीत बोटभर आत गेला. मालकाचा चेहरा पडला. ती सोडली. पण दुसरी मिळेल. आई आणि मुलं मागं हौद्यात बसवून कधीतरी जाता येईल का? गावात सगळेच नेतात.

कागदपत्री (सातारा)

दादा, ते करू नका. मालाच्या गाडीच्या हौद्यात बसलेल्या माणसाला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि कोर्टातही तिचंच म्हणणं टिकतं. मालासोबत मालाचा मालक असेल तर गोष्ट वेगळी. लग्नाला, दवाखान्याला निघालेली घरची माणसं त्यात येत नाहीत.

कागदांचं एकदाच लिहून ठेवतो.

लायसन्सची भीती नको. साधं हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये हे सांगितलं होतं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच कायम केलं. तसंच ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. पण पासिंग (गाडी धडधाकट असल्याची आरटीओची तपासणी) लागतं: आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यापुढं दरवर्षी. पिवळ्या पाटीची दहा-बारा वर्षं जुनी गाडी स्वस्त का मिळते, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे. दरवर्षी पासिंगला नेण्याआधी रंग, रिफ्लेक्टर, ब्रेक सगळं नीट करावं लागतं, वर पर्यावरण कर. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग पुनर्नोंदणी. म्हणजे २०१६ ची ईको २०३१ पर्यंत निवांत. तिच्यातून भाड्यानं कुणाचा माल मात्र नेता येत नाही.

व्यवहाराच्या वेळी आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. थकलेली ई-चलनं आधीच्या मालकाकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यानं उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलीय का तेही बघा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. माझ्या मावसभावानं 'करू नंतर' म्हणत चार महिने काढले, मधल्या काळात अपघात झाला, आणि गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपया मिळाला नाही.

रानवारा (अकोले)

मी दोनच ओळी लिहिते. गाडी ठरवण्याआधी एक महिना वही ठेवा. रोज घराबाहेर काय गेलं, काय आलं, किती वजन, किती माणसं. आम्ही ठेवली होती. ट्रॅक्टर घ्यायला निघालो होतो, वही बघून थांबलो.

गुरांचा डॉक्टर (सोलापूर)

मी सरकारी दवाखान्यात अठरा वर्षं आहे. माळावरचा, तुमच्या शेळीबद्दल वाचलं. मनाला लागेल, पण पुढच्या वेळी उपयोग होईल म्हणून लिहितो.

पोट फुगलेल्या जनावराला आडवं टाकू नये. फुगलेलं पोट आधीच फुप्फुसावर दाब देत असतं. आडवं पडलं, किंवा मांडीवर पोटावर दाबलं गेलं, की उरलीसुरली जागाही संपते. शेळी उभी ठेवायची, पुढचे पाय उंचावर, म्हणजे पेंडीच्या पोत्यावर किंवा पायरीवर. एक माणूस धरून उभा. हे मोटरसायकलवर होत नाही. त्या रात्री तुम्ही जे हाताशी होतं त्यातून केलं, स्वतःला दोष देऊ नका. भरडा खाऊन फुगलेली शेळी दवाखान्यात वेळेत येऊनही वाचतेच असं नाही.

दुसरं, सगळी आजारी जनावरं गाडीत घालायची नसतात. व्यायल्यावर दुधाच्या तापानं बसलेली गाय, चारशे-साडेचारशे किलोची, दोर लावून पिकअपमध्ये ओढून आणलेली मी बघितली आहे. मांडीचे स्नायू फाटतात, मग कॅल्शियम देऊनही उठत नाही. अशा वेळी जनावरांच्या सरकारी मदतीच्या १९६२ या नंबरला फोन करा किंवा डॉक्टरला घरी बोलवा. म्हणजे गायीसाठी गाडी घ्यायचा विचार असेल तर तो थोडा बाजूला ठेवा. गाय दवाखान्यात क्वचित येते. शेळी, करडू, वासरू, कुत्रं वारंवार येतात.

निरोगी गाय न्यायची असेल तर जागेचा नियम आहे: गाय-म्हशीला दोन चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच, म्हणजे तीन चौरस मीटर. एक गाय किंवा दहा शेळ्या. पिकअपच्या आठ बाय साडेपाचच्या हौद्यात दोन गायी किंवा तेरा शेळ्या. बाजाराच्या दिवशी त्यात पंचवीस बोकड कोंबलेले दिसतात आणि खालचा एखादा गुदमरून मरतो. गायीचं तोंड शक्यतो इंजिनाकडे ठेवा, ब्रेक लागला की बिथरत नाही. पशुवैद्यकाचा दाखला, बाजाराची पावती आणि कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा नंबर सोबत असू द्या.

तळाला काय घालायचं यावर लोक फार विचार करत नाहीत. नुसत्या पत्र्यावर खूर घसरतो, एकदा पडलेलं जनावर पुढच्या वेळी गाडीत पाय टाकत नाही. काथ्याची चटई उत्तम. नाहीतर फळ्या, वर पाचट.

आणि बाजारातून नवीन जनावर आणलं की गाडी धुवा, त्याच दिवशी. बादलीत धुण्याचा सोडा, दहा लिटरला चारशे ग्रॅम. लाळ्या-खुरकुताचा विषाणू त्यानं मरतो. नवीन जनावर तीन आठवडे वेगळं. तीच गाडी, तेच बूट घेऊन तुम्ही सरळ गोठ्यात गेलात तर वेगळं बांधून उपयोग नाही.

पाटेवाला (बारामती)

डॉक्टरांनी सोडा सांगितला, त्याला जोडून: धुतल्यावर गाडी उतारावर उभी करा, तोंड वर. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात पाणी निघायला भोकं असतात, ती शेणानं बुजतात, तारेनं मोकळी ठेवा. रबरी मॅट घातली असेल तर दर वेळी उचलून वाळवा. मॅटखाली ओल राहिली तर मॅट नसण्यापेक्षा वाईट.

पावसाळी (संगमेश्वर)

आमच्याकडे ईको आहे, सात वर्षं. चार म्हशी, कुत्री, आणि कोकण कन्याळ शेळ्या. अनुभव सांगतो.

चांगलं हे की दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, जमीन बुटकी, करडू काय, पूर्ण वाढलेली शेळीही एक माणूस उचलून आत ठेवतो. मागची सीट पुढं दुमडली की पेंडीची सहा पोती बसतात. घरचे सगळे एकत्र जातात, पावसात भिजत नाहीत. पेट्रोल इंजिन, १.२ लिटर, पुढच्या सीटखाली. मेकॅनिकला सीट उचलली की सगळं समोर.

वाईट हे की मागच्या चाकांवर चालते आणि रिकामी असली की मागं वजन नसतं. लाल चिखलात जागेवर फिरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी मागं वाळूची दोन पोती ठेवूनच असतो. तुमचा दोन किलोमीटर कच्चा रस्ता मुरमाचा असेल तर अडचण नाही. काळ्या मातीचा असेल तर विचार करा, काळी माती कुठल्याच चाकाला सोडत नाही.

वासाचं विचारतील सगळे. ताडपत्री घालायची, कडा चारही बाजूंनी वीतभर वर उचलून बांधायच्या म्हणजे ताटासारखा आकार होतो, आत पाचट. घरी आलं की ताडपत्री तशीच उचलून उकिरड्यावर. जमिनीला एक थेंब लागत नाही. आमच्या आईला तिसऱ्या दिवशी त्याच गाडीतून देवळात न्यायचं असतं.

शेळीताई (माण)

ईको छानच, पण दादा, तुम्ही चौदा शेळ्यांवर थांबणार आहात का? दोन वर्षांत तीस होतील. तेव्हा त्यात काय करणार? मी आधी जुनी व्हॅनच घेतली होती, दीड वर्षात विकली, चाळीस हजार बुडाले.

माळावरचा (पारनेर)

ताई, प्रश्न बरोबर आहे, त्यावर दोन रात्री विचार केला.

महिनाभर वही ठेवली. उशिरा उत्तर देतोय ते त्यामुळंच. तीस दिवसांत: दूध साठ खेपा, प्रत्येकी चौदा लिटरच्या आसपास. पेंड आणि भरडा तीन खेपा, सगळी मिळून नऊ पोती. आई दोनदा नगरला, कारण डोळे पण दाखवले. मुलं पावसात सहा वेळा शाळेत. करडू दवाखान्यात एकदा, हगवण. कुत्र्याला लस एकदा. बोकड बाजारात एकदा, तीन नग. गाय शून्य. कडब्याची एक मोठी खेप, तीनशे पेंढ्या, ती शेजारच्या पिकअपनं भाड्यानं आणली, बाराशे रुपये.

वही समोर ठेवून बायको म्हणाली, यात माणसं किती वेळा आहेत ते मोज. मी पिकअप बघत होतो तेव्हा त्यांना मोजलंच नव्हतं.

म्हणून ईको घेतली. तीच २०१६ ची नाही, तिच्यावर बोजा निघाला. दुसरी, २०१७ ची, श्रीगोंद्याच्या एका निवृत्त शिक्षकांची, ६८ हजार किलोमीटर. थंड इंजिन बघितलं, खाली झोपलो, स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं, मागचा एक सायलेन्सर हँगर सोडला तर सगळं खणखणीत. २ लाख ६० ला ठरली. नाव आणि विमा धरून पावणेतीनच्या आत बसलं. उरलेल्या पैशांतून शेळीताईंनी सांगितलेला मुरमाचा ओटा घातला, भाड्यानं आणलेली पिकअप त्याला टेकवता येते. शेळ्या तीस झाल्या तर ताई, बाजाराला भाड्यानं जाईन. वर्षाला चार खेपांचं भाडं दरवर्षीच्या पासिंगपेक्षा मला परवडतं. तुमच्या साठ शेळ्यांना ते परवडणार नाही, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे.

शेळीताई (माण)

आता पटलं. मी वही ठेवली असती तर तेव्हा व्हॅन घेतलीच नसती.

कागदपत्री (सातारा)

विम्याचा अर्ज दिला का?

माळावरचा (पारनेर)

दिला, नवव्या दिवशी.

काल रात्रीचं सांगायचं राहिलं. पहिल्या वेताची पाट संध्याकाळपासून कळा देत होती, एक पाय बाहेर, डोकं नाही. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले ओढू नका, घेऊन या. ताडपत्री आधीच बांधलेली होती. सीट दुमडली, पाचट टाकलं, बायको मागं तिच्याजवळ बसली, टॉर्च धरून. अकरा किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागली, कच्च्या रस्त्यावर मी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली होती. पुलावरून जाताना बायकोला विचारलं, श्वास चालू आहे ना? ती म्हणाली, चालू आहे, तू पुढं बघ.

डॉक्टरांनी हात घालून डोकं फिरवलं. एक करडू मेलेलं निघालं, दुसरं जिवंत, मादी, कानाला पांढरा ठिपका. येताना ते बायकोच्या पदरात होतं. आत्ता गोठ्यात आईला लुचतंय.